शिंपल्यातला तापमापक : हॅरॉल्ड युरी

विद्यार्थी मित्रांनो, सोलापूर जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर मोहोळ हे गाव दिसेल. तालुक्यातून सीना नदी वाहते. हा भाग कमी पावसाचा. मृग लागला की सगळ्यांच्या नजरा पश्चिमेकडे वळतात. पाऊस वेळेवर आला तर शिवार हिरवे होते. आला नाही तर विहिरी आटतात आणि पाण्याच्या टँकरसमोर घागरींची रांग लागते. घरातील वडीलधाऱ्यांनी तुम्हाला १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगितल्या असतील.

मोहोळपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. येथल्या कितीतरी मुलांनी तो पाहिलेलाही नसेल. तरीही मोहोळचा पाऊस समुद्रावरूनच येतो. तुम्ही उर्दूत ‘मौसम’ म्हणता. मराठीत ‘मोसमी वारे’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘मान्सून’. या तिन्ही शब्दांचे मूळ एकच, अरबी भाषेतील ‘मौसिम’ हा शब्द. ठरावीक ऋतूत ठरावीक दिशेने वाहणारे हे वारे अरब खलाशांना चांगले माहीत होते.

आता एक प्रश्न विचारतो. हा पाऊस पूर्वीही असाच पडत होता काय? भारताचे हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. म्हणजे पावसाच्या पद्धतशीर नोंदी साधारण दीडशे वर्षांच्या आहेत. त्याआधी हजार, दहा हजार, लाख वर्षांपूर्वी हवा कशी होती? तेव्हा तापमापक नव्हते, पर्जन्यमापक नव्हते आणि लिहून ठेवणाराही कोणी नव्हता. पण एक नोंदवही होती. ती समुद्राच्या तळाशी, चिखलात लिहिली जात होती. ती वाचायची कशी, हे ज्यांनी जगाला शिकवले त्या हॅरॉल्ड क्लेटन युरी या शास्त्रज्ञाची ही कहाणी आहे.

युरी यांचा जन्म २९ एप्रिल १८९३ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात वॉकरटन या लहान गावी झाला. वडील शिक्षक होते आणि धर्मोपदेशकही होते. हॅरॉल्ड अवघा सहा वर्षांचा असताना वडील क्षयरोगाने वारले. घरची परिस्थिती बेताची होती. मुलाचे शिक्षण खेड्यातील शाळांत झाले. १९११ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण झाले, पण कॉलेजात जाण्याइतके पैसे नव्हते. मग हा तरुण स्वतःच शिक्षक झाला. तीन वर्षे त्याने खेड्यांतील शाळांत मुलांना शिकवले आणि पैसे साठवले.

१९१४ मध्ये युरी यांनी माँटाना विद्यापीठात नाव घातले. पैशाची ओढाताण एवढी होती की काही काळ त्यांनी तंबूत राहून अभ्यास केला. मिळेल ते काम केले. तीन वर्षांत, म्हणजे १९१७ मध्ये, त्यांनी पदवी मिळवली. ही पदवी होती प्राणिशास्त्राची. नदीच्या साचलेल्या पाण्यातील एकपेशीय सूक्ष्म जीव हा त्यांच्या पहिल्या संशोधनाचा विषय होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे अशाच सूक्ष्म जीवांशी त्यांच्या कामाची पुन्हा गाठ पडणार होती.

तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. देशाला रसायने तयार करणाऱ्या माणसांची गरज होती. युरी एका रासायनिक कारखान्यात कामाला लागले आणि प्राणिशास्त्राकडून रसायनशास्त्राकडे वळले. १९२३ मध्ये त्यांनी बर्कले येथे डॉक्टरेट मिळवली. नंतरचे एक वर्ष त्यांनी डेन्मार्कमध्ये नील्स बोर या थोर शास्त्रज्ञाजवळ काढले. अणूची रचना कशी असते याचे ज्ञान त्यांना तेथे मिळाले. १९२९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले.

आता थोडे विज्ञान समजून घेऊ. बाजारात ज्वारीची दोन पोती शेजारी ठेवली आहेत, असे समजा. पोती सारखीच, धान्यही एकाच वाणाचे. पण एक पोते किंचित जड. नुसते पाहून फरक कळणार नाही, वजन केले तरच कळेल. अणूंचेही असेच असते. एकाच मूलद्रव्याचे काही अणू हलके असतात, काही जड असतात. रासायनिक गुण जवळजवळ सारखेच, वजन मात्र वेगळे. अशा अणूंना समस्थानिक म्हणतात.

हायड्रोजन हे सर्वांत हलके मूलद्रव्य. त्याचाही एक जड भाऊ असावा, असे युरी यांना वाटत होते. पण तो फार विरळ होता. निसर्गात दर सहा-साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे तो केवळ एक असतो. त्याला शोधायचे कसे? उसाचा रस आटवला की पाणी उडून जाते आणि काहिलीत गूळ उरतो, हे तुम्ही पाहिले आहे. युरी यांनी असाच विचार केला. द्रवरूप हायड्रोजन हळूहळू उडून जाऊ दिला, तर हलके अणू आधी जातील आणि तळाशी जड अणूंचे प्रमाण वाढेल. हे काम फर्डिनंड ब्रिकवेड या शास्त्रज्ञाने वॉशिंग्टनमध्ये करून दिले. तपासणीत जॉर्ज मर्फी या तरुणाने साथ दिली. पहिला नमुना फसला. तरीही ते थांबले नाहीत. आणखी कमी तापमानात दुसरा नमुना तयार केला गेला. १९३१ च्या अखेरीस जड हायड्रोजन सापडला. त्याला ड्युटेरियम हे नाव मिळाले.

या शोधासाठी १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या युरी यांना देण्यात आले. पारितोषिकाचा समारंभ डिसेंबरात होता. त्याच सुमारास त्यांच्या घरी मूल जन्माला येणार होते. युरी समारंभाला गेले नाहीत, पत्नीजवळ राहिले आणि पारितोषिक नंतर जाऊन घेतले. त्या रकमेतील काही वाटा त्यांनी ब्रिकवेड आणि मर्फी यांना दिला. सन्मान एकाच्या नावावर झाला असला, तरी मेहनत तिघांची होती, हे ते विसरले नाहीत. एकदा संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानाचा अर्धा भाग त्यांनी इसिडोर राबी या तरुण सहकाऱ्याला दिला होता. त्याच राबी यांना पुढे १९४४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मित्रांनो, येथपर्यंतची कहाणी यशाची आहे. आता एक अवघड पान उघडायचे आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मनीचा हुकूमशहा हिटलर अणुबाँब बनवील, अशी भीती अमेरिकेला वाटत होती. बाँबसाठी युरेनियमचे हलके आणि जड अणू वेगळे करणे आवश्यक होते. समस्थानिक वेगळे करण्यात युरी यांच्याइतका जाणकार दुसरा कोण असणार? कोलंबिया विद्यापीठातील या कामाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. शेकडो माणसे त्यांच्या हाताखाली काम करत होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर बाँब पडले. दोन शहरे बेचिराख झाली. लाखाहून अधिक माणसे मेली. त्यांत तुमच्यासारखी शाळेत जाणारी मुले होती.

आपल्या ज्ञानाचा असा उपयोग झालेला पाहून युरी यांचे मन अस्वस्थ झाले. बाँबसारखी शस्त्रे कोणत्याही देशाच्या सैन्याच्या हाती मोकळी सोडू नयेत, त्यांवर जगाचे नियंत्रण असावे, असे ते सभांतून आणि लेखांतून सांगत राहिले. युद्धासाठी पुन्हा संशोधन करण्याची त्यांची इच्छा उरली नव्हती. ते शिकागो विद्यापीठात गेले. तेव्हा त्यांचे वय बावन्न होते. या वयात काही माणसे जुन्या कीर्तीवर समाधान मानतात. युरी यांनी मात्र पाटी कोरी केली आणि नवा प्रश्न हाती घेतला.

हा प्रश्न त्यांना एका श्रोत्याकडून मिळाला. १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील झ्युरिक येथे त्यांनी समस्थानिकांवर व्याख्यान दिले. तेथे पॉल निग्ली नावाचे खनिजशास्त्रज्ञ होते. समुद्रात तयार झालेली चुनखडी आणि गोड्या पाण्यातील चुनखडी समस्थानिकांवरून ओळखता येईल काय, अशी शंका त्यांनी काढली. युरी परतले आणि आकडेमोड करू लागले. करता करता त्यांच्या लक्षात आले की, चुनखडीतील ऑक्सिजनवरून त्याहूनही मोठी गोष्ट कळू शकेल. ज्या पाण्यात ती तयार झाली त्या पाण्याचे तापमानच कळेल!

हे कसे, ते नीट पाहा. पाण्यात ऑक्सिजन असतो. त्याचे बहुतेक अणू ऑक्सिजन-१६, म्हणजे हलके असतात. दर हजारात सुमारे दोन अणू ऑक्सिजन-१८, म्हणजे जड असतात. समुद्रातील शिंपला आपले कवच पाण्यातील पदार्थांपासून बनवतो. हे कवच म्हणजे एक प्रकारची चुनखडीच असते. कवच तयार होताना जड अणू त्यात थोडे अधिक घट्ट बसतात, म्हणून पाण्यापेक्षा कवचात त्यांचे प्रमाण किंचित जास्त असते. पाणी थंड असेल तर हा फरक वाढतो, उबदार असेल तर कमी होतो. शिंपला मरतो, पण त्याचे कवच टिकते. कवचातील जड अणू मोजले की तो कसल्या पाण्यात राहत होता ते समजते. जणू प्रत्येक शिंपल्यात निसर्गाने एक तापमापक ठेवून दिला आहे!

युरी यांनी ही कल्पना १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. पण कल्पना सुचणे वेगळे आणि ती हातांनी करून दाखवणे वेगळे. तापमानात एका अंशाचा फरक पडला तर जड अणूंच्या प्रमाणात दर दहा हजार भागांमागे दोनच भागांचा फरक पडतो. इतके बारीक मोजणारे यंत्र तेव्हा नव्हते. युरी यांनी सहकारी जमवले. सॅम्युएल एपस्टीन, हाइन्झ लोवेनस्टॅम, चार्ल्स मॅकिनी आणि इतर अनेक जण वर्षानुवर्षे खपले. अणूंचे वजन ओळखणारे मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र त्यांनी सुधारून घेतले. माहीत असलेल्या तापमानाच्या पाण्यात वाढलेले शिंपले तपासून मोजपट्टी तयार केली. पदरी निराशा आली, तरी पुन्हा पहिल्यापासून मोजणी केली.

१९५१ मध्ये फळ मिळाले. स्कॉटलंडजवळच्या स्काय बेटावर बेलेम्नाइट नावाच्या प्राण्याचा जीवाश्म सापडला होता. हा माखलासारखा समुद्री प्राणी पृथ्वीवरून केव्हाच नाहीसा झाला आहे. तो जीवाश्म सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा होता. झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळे त्याच्या अंगात होती. युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक थर खरवडून तपासला. आकडे क्रमाने वर चढत आणि खाली उतरत होते. ते होते उन्हाळे आणि हिवाळे! लहानपण सरल्यावर त्या प्राण्याने तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले होते आणि सुमारे चार वर्षांचा होऊन तो वसंत ऋतूत मेला होता. विचार करा, पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या एका मुक्या जीवाचे आयुष्य माणसाला वाचता आले.

यानंतर सर्वांचे लक्ष समुद्राच्या तळाकडे गेले. समुद्राच्या पाण्यात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. वाळूच्या कणाएवढे लहान, पण अंगावर चुनखडीचे सुंदर कवच. ते मेले की कवचे तळाशी पडतात. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो. खालचा थर जुना, वरचा नवा. आडत बाजारात पोत्यात टोकदार नळी खुपसून धान्याचा नमुना काढतात ना? शास्त्रज्ञही जहाजावरून लांब पोकळ नळी तळाच्या गाळात घुसवतात आणि गाळाचा अखंड नमुना वर ओढून घेतात.

युरी यांच्या प्रयोगशाळेत चेझारे एमिलियानी हा इटलीहून आलेला तरुण होता. त्याने अशा नमुन्यांतील कवचे निवडून त्यांतील ऑक्सिजन मोजला. १९५५ मध्ये त्याने दाखवून दिले की, पृथ्वीवर थंडीचे आणि उबेचे काळ आलटून पालटून अनेकदा आले. त्याआधी चारच मोठी हिमयुगे झाली, असे बहुतेक विद्वान मानत होते.

या कामात एक चूक राहिली होती, तीही सांगायला हवी. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना हलके अणू अधिक सहज उडतात. हिमयुगात हे हलके पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडते, म्हणून उरलेल्या समुद्रात जड अणू वाढतात. म्हणजे कवच जड असण्याला थंडी हे एक कारण आणि जमिनीवरचे बर्फ हे दुसरे. दुसऱ्या कारणाचा वाटा एमिलियानीने कमी धरला होता. तो बराच मोठा आहे, हे इंग्लंडच्या निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये दाखवले. त्यामुळे युरी यांची पद्धत मोडीत निघाली नाही, उलट अधिक उपयोगी ठरली, कारण तिच्यावरून बर्फाचाही हिशेब करता येऊ लागला. पुढे १९७६ मध्ये शॅकल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील गाळ तपासून सिद्ध केले की, पृथ्वीच्या भ्रमणात होणाऱ्या सावकाश बदलांमुळे हिमयुगे येतात आणि जातात.

युरी यांचे मन मोठे होते. १९५२ मध्ये स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने त्यांच्या मार्गदर्शनाखाली एक प्रसिद्ध प्रयोग केला. साध्या वायूंच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या सोडून त्याने सजीवांना आवश्यक असणारी अमिनो आम्ले तयार केली. शोधनिबंधावर युरी यांनी आपले नाव घालू दिले नाही. आपले नाव पाहून लोक सारे श्रेय आपल्यालाच देतील आणि मुलावर अन्याय होईल, हे ते जाणून होते. १९५८ मध्ये ते कॅलिफोर्नियातील ला होया येथे गेले. म्हातारपणीही चंद्राचा अभ्यास करत राहिले. चंद्रावरून आणलेले दगड पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. ५ जानेवारी १९८१ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आता आपण पुन्हा आपल्या भागाकडे येऊ. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ मध्ये स्थापन झाली. तेथे अरबी समुद्राच्या आणि बंगालच्या उपसागराच्या तळाचा गाळ तपासला जातो. २०१५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मोहिमेतील जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला, अरबी समुद्राच्या लक्ष्मी खोऱ्यात, समुद्रतळाला एक किलोमीटरपेक्षा अधिक खोल छिद्र पाडून गाळ वर काढला. या साऱ्या कामात युरी यांची पद्धत वापरली जाते.

या गाळातून काय कळले? मोसमी वारे जोरात वाहतात तेव्हा अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ खालचे थंड पाणी वर येते आणि थंड पाण्यात वाढणारे काही फोरामिनिफेरा पुष्कळ होतात. त्यांची कवचे मोजून वाऱ्याचा जोर समजतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, हा पावसाळा दुबळा होता. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी तो जोरदार झाला. गोदावरीच्या मुखासमोरचा गाळही तपासण्यात आला. गेल्या चार हजार वर्षांत आपला दख्खनचा प्रदेश अधिक कोरडा होत गेला, असे त्यावरून २०१२ मध्ये सांगण्यात आले.

मोहोळच्या शिवारावर पडलेला पाऊस सीनेत जातो. सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. धरणांत अडकेल तो गाळ सोडला तर तुमच्या रानातली काळी माती आजही थोडी थोडी समुद्राकडे जाते आहे. म्हणजे समुद्राच्या त्या वहीत मोहोळचीही एखादी ओळ लिहिली जात असणार.

आज कोळसा आणि तेल जाळल्यामुळे पृथ्वी तापते आहे. समुद्रही तापतो आहे. याचा आपल्या पावसावर काय परिणाम होईल, हा प्रश्न मोहोळच्या शेतकऱ्याच्या भाकरीचा आहे. पृथ्वी पूर्वी उबदार झाली तेव्हा पावसाने काय केले, हे कळले तर पुढचा अंदाज बांधायला आधार मिळतो. म्हणून ही जुनी वही वाचायची.

जड आणि हलके अणू ओळखण्याचे ज्ञान एकच होते. त्याच ज्ञानातून बाँब झाला आणि त्याच ज्ञानातून शिंपल्यातला तापमापकही सापडला. ज्ञान कोणत्या कामाला लावायचे, हे माणसाने ठरवायचे असते. वडिलांविना वाढलेल्या, तंबूत राहून शिकलेल्या, खेड्यातल्या या शिक्षकाने आयुष्याच्या उत्तरार्धात आपले ज्ञान चांगल्या कामाला लावले. पुढे कधी समुद्रकिनारी गेलात तर एक शिंपला उचलून हातात घ्या. तो वाचणाऱ्या माणसाची तुम्हाला आठवण होईल.